रिठदची परसबाग: आधी पाणी, मग बी

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘वाशिम जिल्ह्यातील परसबागेचा कुटुंबाच्या पोषणावर होणारा परिणाम: एक अभ्यास’. वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. समितीतल्या एका सरांनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, “मे महिन्यात बाग असते का तुमच्याकडे?” मी खरं ते सांगितलं. “नाही सर, वाळून जाते.” “मग परिणाम किती महिन्यांचा मोजणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला.

घरी, रिठदला, आईला हे सांगितलं तेव्हा ती तुरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तू कागदावर लाव वांगे. मे मईन्यात पाणी कोठून आणशीन, ते सांग आधी.”

सर आणि आई यांनी एकच प्रश्न विचारला होता. फरक एवढाच की आईने तो पंचवीस उन्हाळे विचारलेला होता आणि मी एकदाही नाही. पेट देऊन आता विषय शोधत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. विषय परसबागेचा आहे, पण मला दाखवायचंय ते हे, की एक चांगली इच्छा मोजता येणारा प्रश्न कशी होते. माझ्या बाबतीत ती झाली पाण्याच्या बादलीमुळे.

आधी एक गैरसमज, जो मीही सहा महिने सांभाळला. ‘रिठदमध्ये (तालुका रिसोड, जिल्हा वाशिम) परसबागेवर कोणी अभ्यास केलेला नाही, म्हणून मी करते’, ही माझी रिसर्च गॅप होती. गावाचं नाव ही गॅप नसते हो! महाराष्ट्रात हजारो गावं आहेत आणि बहुतेकांत कोणी अभ्यास केलेला नाही. गाव कधी महत्त्वाचं ठरतं? जेव्हा त्या गावाची माती, हवा, नळाची वेळ यांपैकी काहीतरी आधीच्या अभ्यासातलं उत्तर बदलून टाकू शकतं तेव्हा. म्हणून गाव बाजूला ठेवून विचारायचं, इथं वेगळं काय आहे?

उष्ण आणि कोरडं, पण बाराही महिने नाही

‘उष्ण कोरड्या हवामानातली भाजीबाग’ असं शोधलं की जे साहित्य हाती येतं त्यातलं बरंच वाळवंटातलं असतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतले झुनी लोक भोवती मातीचे छोटे बांध घालून खोलगट चौकोनी वाफे करत. थेंब न् थेंब मुळाशी थांबावा, हा हेतू. फोटो बघून मी आमच्या अंगणातही तसेच वाफे आखले होते. मार्च-एप्रिलपर्यंत मस्त. जुलैत त्यांची डबकी झाली आणि मिरची मूळकूज होऊन गेली.

कारण वाशिम हे वाळवंट नाही. वर्षाचा पाऊस साधारण ७५० ते ९०० मिमीच्या दरम्यान, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात आपली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळालं की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. फुगली की वरचं पाणी आत शिरायला वेळ लागतो, भेगाळली की ओतलेलं पाणी सरळ भेगेतून खाली, मुळांना वळसा घालून. म्हणजे एकाच वाफ्याला जुलैत पाणी बाहेर काढायचंय आणि मेमध्ये आत धरायचंय. शेतात या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे दिसतं. सोयाबीनसाठी रुंद वरंबा आणि सरी, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅटने काळ्या मातीसाठी ही पद्धत विकसित केली. परसबागेत तेच छोट्या मापात करायचं. पावसाळ्यात गादीवाफ्यावर झाड, उन्हाळ्यात त्याच गादीच्या शेजारच्या सरीत झाड. कुदळीचं एका दिवसाचं काम आहे, पण वाळवंटाच्या पुस्तकात ते सापडणार नाही, कारण तिथं जुलै नाही.

बघा, इथं गाव कामाला आलं. ‘रिठद’ म्हणून नाही, तर ‘फुगणारी काळी माती, चार महिने पाऊस, आणि मेमध्ये बेचाळीसच्या वरचं ऊन’ म्हणून.

एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर

आता आईच्या प्रश्नाकडे. पाणी कोठून आणशीन? त्याआधी, किती आणशीन?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभं केलं तर ते बरोबर एक लिटर होतं. हे एवढं वाक्य पाठ ठेवा, पुढचं सगळं गणित शाळेतलं आहे. वाफ्यातून रोज किती मिलिमीटर पाणी उडतं? मातीतून उडणारं आणि पानांतून जाणारं मिळून जे पाणी जातं त्याला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. ते काढायची प्रमाण पद्धत अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत आहे. पेनमन-माँटीथ तिचं नाव. तिला वारा, आर्द्रता, सूर्यप्रकाश सगळं लागतं. आपल्याकडे अंगणात वेधशाळा नसते. मग १९८५ चं हारग्रीव्हज आणि समानी यांचं साधं सूत्र वापरायचं, ज्याला फक्त कमाल आणि किमान तापमान लागतं:

रोजचे मिमी = ०.००२३ × (सरासरी तापमान + १७.८) × √(कमाल − किमान) × वातावरणाच्या वर पोचणारं सौरऊर्जेचं मूल्य, मिमीमध्ये

शेवटचं मूल्य अक्षांश आणि तारखेवरून ठरतं. त्याचे तयार तक्ते मिळतात. आपला अक्षांश २० धरला तर मेच्या मध्यावर ते १६ च्या आसपास येतं, डिसेंबरच्या मध्यावर साडेदहाच्या.

मेचा एक नेहमीचा दिवस घेऊ. कमाल ४२, किमान २७. सरासरी ३४.५, त्यात १७.८ मिळवले की ५२.३. फरक १५, वर्गमूळ ३.८७. गुणाकार करा, उत्तर ७.५ मिमीच्या जवळ. डिसेंबरचा दिवस घ्या, कमाल २९, किमान १३. उत्तर ३.७. म्हणजे तीच बाग, तेवढीच जागा, आणि मेमध्ये पाणी दुप्पट. तेही हे सूत्र वारा विचारात घेत नाही, म्हणून मेमधल्या झळांच्या दिवशी खरा आकडा याहून वर असू शकतो. सूत्र कुठे कमी पडतं हे आपणच आधी लिहून ठेवावं. मुलाखतीत कोणी विचारायच्या आत.

आता पुरवठा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर. त्यातलं पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि संडासचं सोडून न्हाणीतून आणि कपड्यांतून बागेकडे वळवता येईल असं निम्मं धरू, सुमारे १३५ लिटर. ते सगळं मुळाशी पोचत नाही. वाटेत झिरपतं, उडतं. ७० टक्के पोचलं असं धरा. उरले ९५ लिटर.

९५ भागिले ७.५. साडेबारा चौरस मीटर. साधारण दहा फूट बाय साडेतेरा फूट.

हे झालं मेमधल्या बागेचं क्षेत्रफळ. आम्ही आखलेली बाग याच्या चौपट होती! दरवर्षी वाळत होती यात आश्चर्य ते काय. आईला वाटायचं ऊन जास्त झालं, मला वाटायचं बी खराब निघालं. दोघींनी कधी भागाकार केला नव्हता.

हेच डिसेंबरला केलं तर ९५ भागिले ३.७, पंचवीस चौरस मीटर. म्हणजे बाग एकाच आकाराची असायचं कारणच नाही. हिवाळ्यात ती पंचवीस चौरस मीटरपर्यंत पसरू द्यायची, होळीनंतर एकेक वाफा सोडत आणायचा आणि मेमध्ये बारावर थांबायचं. नियोजन मेपासून मागे मोजत यायचं, जूनपासून पुढे नाही. जूनमध्ये सगळ्यांनाच बाग लावावीशी वाटते, तो काही निकष नाही.

कोणी म्हणेल, पत्र्यावरचं पाणी साठवा की. हिशोब करू. पन्नास चौरस मीटरचा पत्रा, ८०० मिमी पाऊस, वीस टक्के वाया गेलं तरी ३२ हजार लिटर. ऐकायला भारी. पण ते पडतं ऑगस्टमध्ये आणि हवंय मेमध्ये. दोन हजार लिटरची टाकी पूर्ण भरून मेपर्यंत राखली, तर रोजचे मुळाशी ९५ लिटर पोचवायला लागणारे १३५ लिटर धरून ती पंधरा दिवसांत संपते. पंधरा दिवस वाईट नाहीत. फक्त ‘पाऊस साठवा’ एवढं बोलून चालत नाही, किती दिवसांसाठी ते सांगावं लागतं.

सरासरीने केलेली फसवणूक

इथपर्यंत मी खूश होते. मग वाटलं, निम्मं पाणी बागेकडे जातं हे आपण धरलंय, मोजलेलं नाही. म्हणून न्हाणीच्या बाहेर बादली लावली आणि सात दिवस मोजत बसले. (हे काम गाइडला सांगताना फार शास्त्रीय वाटतं. शेजारच्या काकूंना मात्र वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.)

सात दिवसांची सरासरी माझ्या अंदाजाच्या फार लांब नव्हती. पण सातपैकी दोन दिवस बादलीत जवळपास काही नव्हतं. नळ आला नाही की आंघोळी उरकत्या होतात आणि कपडे दुसऱ्या दिवसावर जातात. झाडं सरासरी पीत नाहीत. झाड त्या त्या दिवशी पितं. म्हणून प्रश्न बदलला: पाणी किती मिळतं याच्याइतकंच, दोन पाण्यांमध्ये किती दिवस जातात हे महत्त्वाचं.

याचं उत्तर मातीत आहे. माती ही टाकी आहे असं समजा. चिकणमातीत झाडाला घेता येईल असं पाणी एक मीटर खोलीला साधारण १२० ते २०० मिमी असतं. १५० धरा. पालेभाजीची, मिरचीची मुळं वरच्या तीस सेंटीमीटरमध्ये, म्हणजे टाकी ४५ मिमीची. ती पूर्ण रिकामी होईपर्यंत झाड थांबत नाही, साधारण ४० टक्के गेलं की त्याला ताण पडू लागतो. म्हणजे वापरायला १८ मिमी. मेमध्ये रोज साडेसात जातात. अडीच दिवससुद्धा नाही. डिसेंबरमध्ये तेच १८ मिमी जवळपास पाच दिवस पुरतात.

नळ चार दिवसांआड येणाऱ्या घरात हिवाळ्याची बाग का जमते आणि उन्हाळ्याची का जमत नाही, याचं कारण या दोन भागाकारांत आहे. त्यात आळस नाही, नशीब नाही.

मग उपाय तीनच प्रकारचे उरतात. टाकी मोठी करा, गळती कमी करा, किंवा कमी पिणारं झाड लावा. टाकी मोठी करायची म्हणजे खोल मुळांची झाडं. शेवगा, कढीपत्ता. शेवगा एकदा रुजला की मेची पर्वा करत नाही, आणि त्याचा पाला खायचा असतो हे आपल्याकडे अजून नीट रुजलेलं नाही. गळती कमी करायची म्हणजे आच्छादन आणि सावली. सोयाबीनचं कुटार आपल्याकडे काढणीनंतर ढिगाने असतं. तीच पुस्तिका सांगते की सेंद्रिय आच्छादनाने जमिनीचा दर दहा टक्के भाग झाकला की मातीतून उडणारं पाणी सुमारे पाच टक्के कमी होतं. नीट वाचा, मातीतून उडणारं. पानांतून जाणारं नाही. ‘कुटाराने निम्मं पाणी वाचतं’ असं जे आपण सरसकट बोलतो ते इथंच घसरतं. रोप लहान असताना, माती उघडी असताना फायदा मोठा. वेलाने जमीन झाकली की फायदा थोडा.

सावलीचं वेगळं आहे. टोमॅटोला दिवसा पस्तीसच्या पुढे आणि रात्रीही गरम असलं की फुलं गळतात, फळ धरत नाही. पाणी भरपूर दिलं तरी. तुराट्यांचा मांडव पश्चिमेला उभा केला तर दुपारचं ऊन आणि वारा दोन्ही अडतात. पण मेमध्ये टोमॅटोचा हट्टच कशाला? गवार, चवळी, ढेमसे, भेंडी, चिवळीची भाजी ही उन्हाळ्याची पोरं आहेत. सांभार, मेथी, पालक, मुळा हिवाळ्याच्या पसरलेल्या वाफ्यांत घ्यायचे आणि होळीला निरोप द्यायचा.

न्हाणीच्या पाण्याबद्दल एक सावधगिरी. कपड्याच्या पावडरीत सोडियम असतं आणि चिकणमातीला सोडियम मानवत नाही, तिचे कण सुटे होतात आणि माती आणखी बंद होते. शेजारच्या अकोला, बुलडाणा, अमरावतीतला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून आंघोळीचं पाणी वेलांना आणि शेवग्याला, कपड्याचं पहिलं फेसाचं पाणी बागेबाहेर, आणि कच्चा खायचा सांभार किंवा मुळा असेल त्या वाफ्याला फक्त चांगलं पाणी.

भाजी किती, आणि दावा किती

आता सिनॉप्सिसमधल्या ‘पोषणा’कडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच माणसांना वर्षाला ७३० किलो. देशात भाजीपाल्याचं सरासरी उत्पादन हेक्टरी १८ टनांच्या आसपास आहे, म्हणजे एका हंगामाला एका चौरस मीटरमध्ये १.८ किलो. बाग वर्षभर सरासरी वीस चौरस मीटर धरली, तीन हंगाम घेतले, तर १०८ किलो. गरजेच्या पंधरा टक्के. मन लावून केली तर थोडं जास्त येईल, दीडपट म्हणू. तरी पाव हिस्सासुद्धा नाही.

हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी कागद उलटा ठेवला होता. कारण माझ्या सिनॉप्सिसमध्ये रक्तक्षय कमी होईल असंही लिहिलेलं होतं. प्रश्न खोटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वाशिम तर २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. पण ‘गरज मोठी आहे’ याचा अर्थ ‘माझा उपाय पुरेसा आहे’ असा होत नाही. २०१२ मध्ये मासेट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये शेतीविषयक उपक्रमांचे २३ अभ्यास तपासले. त्यातले बरेच घराजवळच्या भाजीबागांचेच होते. बागेतली भाजी वाढते हे दिसलं, मुलांच्या पोषणस्थितीवरचा परिणाम मात्र बहुतेक अभ्यासांना दाखवता आला नाही. लेखकांनी एक गोष्ट स्पष्ट केली. परिणाम दिसला नाही याचा अर्थ परिणाम नसतोच असा नाही, बऱ्याच अभ्यासांचा आकार आणि आखणीच तो पकडण्याइतकी नव्हती.

माझा अभ्यासही त्या यादीत चोविसावा झाला असता. एका गावात, तीन वर्षांत, एकट्या विद्यार्थिनीने, पंधरा टक्के भाजीचा हिमोग्लोबिनवरचा परिणाम मोजायचा? सरांची पेन्सिल बरोबर होती.

मग उरलं काय? उरला तो लहान, पण उत्तर देता येईल असा प्रश्न: मे महिन्यात, घरात मिळणाऱ्या पाण्यावर, कुटाराचं आच्छादन दिल्याने चवळीच्या एका लिटर पाण्यामागे किती ग्रॅम शेंगा जास्त मिळतात? यात एकक आहे, ऋतू आहे, तुलना आहे. आणि उत्तर ‘काहीच फरक नाही’ असं आलं तरी ते कोणाच्या तरी कामाचं आहे. नव्या विषयाला मी आता हीच कसोटी लावते. उत्तर ‘नाही’ आलं तर मी तोंड लपवणार का? लपवणार असेन, तर तो प्रश्न नव्हे, तो प्रचार.

आपल्याकडे हे असं घरच्या मापाचं संशोधन नवीन नाही. कोल्हापूरचे गणिताचे शिक्षक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकरी आपापल्या रानात प्रयोग करणार, निष्कर्ष एकमेकांना कळवणार, पुन्हा करणार. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांनी हेच करून दाखवलं. दहा गुंठ्यांत कुटुंबाने चांगलं जगावं ही त्यांची मांडणी अनेकांनी ऐकली असेल. मला दाभोलकरांचा प्रयोग करायचा आग्रह मोलाचा वाटतो. दहा गुंठ्यांचा आकडा मात्र मी रिठदला तसाच आणणार नाही. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर, मेमध्ये रोज साडेसात हजार लिटर. विहीर असेल तर बोला. त्यांनीही बहुधा हेच म्हटलं असतं, की आधी आपल्या जागेवर मोज.

नाणेफेक आणि आई

आखणीत मी पहिली चूक केली ती झाडं मोजण्याची. आमच्या अंगणात आच्छादनाच्या वाफ्यात वीस झाडं, बिनआच्छादनाच्या वाफ्यात वीस. मी लिहिलं, नमुना वीस. गाइडने ते खोडून एक लिहिलं. कारण आच्छादन झाडाला दिलेलं नाही, वाफ्याला दिलंय. वाफे दोनच, म्हणजे प्रत्येकी एक. बाकीची झाडं त्याच वाफ्याची मापं आहेत. याला खोटी पुनरावृत्ती म्हणतात. १९८४ मध्ये हर्लबर्ट यांनी यावर लिहिलेला लेख पर्यावरणशास्त्रात आजही दाखवला जातो, आणि चुका आजही होतात. खरी पुनरावृत्ती हवी तर अंगणं वाढवायची. प्रत्येक घर एक गट, प्रत्येक घरात दोन वाफे, कोणत्या वाफ्याला कुटार ते नाणेफेकीने. हे नीट शिकायचं असेल तर पानसे आणि सुखात्मे यांचं शेती संख्याशास्त्राचं पुस्तक उघडा. दोघंही मराठी माणसं, पुस्तक १९५४ चं, आणि कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत त्याची पानं अजून मळलेली असतात.

दुसरी अडचण पुस्तकात नव्हती. दोन्ही वाफ्यांना सारखं पाणी द्यायचं ठरलं. पण कोरड्या वाफ्यातलं झाड दुपारी मान टाकताना दिसलं की घरातली बाई तांब्याभर पाणी घालणारच. तुम्ही सांगितलं तरी, न सांगितलं तरी. आईला मी म्हटलं, “घालू नको, प्रयोग आहे.” ती म्हणाली, “जीव जाऊन रायला त्याचा डोळ्यासमोर, अन् मी काहून पाहात बसू?” मला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, जादा पाणी बंद करायच्या भानगडीत पडू नये, त्याची नोंद ठेवावी. वाफ्याशेजारी खडू आणि फरशी, तांब्याला एक रेघ. दोन, हे पाणी कोणीतरी वाहून आणतं, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा बाईच असते. त्यामुळे लिटरामागे ग्रॅमबरोबर मिनिटंही मोजायला हवीत. कुटाराने पाणी वाचलं पण उंदीर, गोगलगायी झाल्या आणि वाफा राखायला रोज अर्धा तास गेला, तर तो फायदा कोणाचा? संमतीपत्रात मी आता हा वेळ स्पष्ट लिहिलाय.

हवा तपासायला एक स्वस्त गोष्ट करून बघा. वेधशाळेतलं बाष्पीभवन पात्र सुमारे १२० सेंटीमीटर व्यासाचं आणि २५ सेंटीमीटर खोल असतं. आपल्याकडे रुंद घमेलं असतं. ते सावली पडणार नाही असं ठेवा, पाणी भरा, रोज सकाळी पट्टीने किती मिलिमीटर उतरलं ते लिहा. वर जाळी टाका, नाहीतर कावळे आणि शेजारची मांजर तुमचा विदा पिऊन टाकतील. लहान, तापलेल्या भांड्यातून पाणी जास्त उडतं, त्यामुळे हा आकडा सूत्राच्या साडेसातशी जुळणार नाही. पण मार्च ते मे तो कसा चढतो आणि एखाद्या ढगाळ दिवशी कसा पडतो, हे दिसतं. सूत्रावर विश्वास ठेवण्याआधी ते एकदा डोळ्याने पाहिलेलं बरं. रिसोड तालुक्यातल्यांनी करडा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन यावं, आणि जिल्ह्याची हवामानाची जुनी मापं हवीत तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहेच.

यंदा मार्चमध्ये आमच्या अंगणातले दोन वाफे आखले, साडेबारा चौरस मीटरच्या आत. आईसमोर नाणं उडवलं. छापा आला, म्हणजे कुटार न्हाणीकडच्या वाफ्याला. मी वहीत लिहायला लागले तशी ती म्हणाली, “तिकडं तं पाणी आपोआपच झिरपते. तिथं काही नाही टाकलं तरी ओलच राह्यते.” मी जाऊन बोटाने माती उकरली. चार बोटं खाली ओल होती. न्हाणीच्या भिंतीला तडा आहे, आणि त्या बाजूचा वाफा नेहमीच जिंकणार होता, आच्छादन असो वा नसो.

वाफे पुन्हा आखले. आता दोन्हींचं एक एक टोक न्हाणीकडे आहे आणि दुसरं कुंपणाकडे, म्हणजे ओल दोघांच्या वाट्याला सारखी येते. बाकीच्या अंगणांत आखणी करायच्या आधी प्रत्येक घरातल्या बाईला विचारायचा एक प्रश्न फॉर्मवर सगळ्यात वर टाकलाय: तुमच्या अंगणात उन्हाळ्यातही ओली राहणारी जागा कोणती?

नाणं परत उडवलं. या वेळी काटा आला.